कर्ज, कबुली आणि लष्करी गुपिते

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. पैशाची निकड माणसाला कुठे नेऊन सोडेल याचा नेम नसतो, हा त्यामागचा अनुभव. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने हाच अनुभव नियमांत बसवला आहे. तिथे सैन्यात, किंवा सैन्यासाठी काम करणाऱ्या खासगी कंपनीत, गोपनीय माहिती हाताळायची असेल तर माणसाच्या निष्ठेबरोबर त्याचे पैशाचे व्यवहारही तपासले जातात. थकलेले हप्ते, बुडवलेले कर्ज, न भरलेला कर, जाहीर केलेली दिवाळखोरी, सगळे पाहिले जाते. मग एकदा आर्थिक संकटात सापडलेल्या माणसाला हे दार कायमचे बंद होते का? पुष्कळांचा तसा समज असतो. प्रत्यक्षात तसे नाही. ते कसे, हे आज आपण पाहू.

या परवानगीला तिकडे ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणतात. तिच्या तीन पायऱ्या आहेत: ‘कॉन्फिडेन्शियल’, ‘सिक्रेट’ आणि ‘टॉप सिक्रेट’. माहिती फुटली तर देशाचे किती नुकसान होईल, त्यावर पायरी ठरते. ही परवानगी अमेरिकेच्या नागरिकालाच मिळते. आपल्याकडून तिकडे गेलेला इंजिनिअर कितीही हुशार असला, तरी नुसत्या ग्रीन कार्डावर त्याला ती मिळत नाही. आणि नागरिक झाला तरी ती त्याचा हक्क ठरत नाही. १९८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘नौदल खाते विरुद्ध इगन’ या खटल्यात हे स्पष्ट केले. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे तो देशाच्या सुरक्षेला मिळतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे समजायला सोपे जाते.

आता, सरकारला कर्जबाजारी माणसाची एवढी धास्ती का? त्याचे उत्तर १९८५ या वर्षात सापडते. त्या एका वर्षात अमेरिकेत इतके हेर पकडले गेले की त्याला ‘हेरांचे वर्ष’ असेच नाव पडले. त्यांतला एक जॉन वॉकर. नौदलात संदेशवहनाचे काम करणारा अधिकारी. त्याने दक्षिण कॅरोलिनात एक बार काढला होता आणि तो तोट्यात चालला होता. १९६७ च्या सुमारास हा गृहस्थ सरळ वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत गेला आणि नौदलाच्या सांकेतिक संदेशांच्या किल्ल्या विकू लागला. हा व्यापार सुमारे सतरा वर्षे चालला. दुसरा रोनाल्ड पेल्टन. परकीय संदेश टिपणाऱ्या ‘नॅशनल सिक्युरिटी एजन्सी’त तो नोकरीला होता. १९७९ साली त्याने दिवाळखोरी जाहीर केली, नोकरी सोडली, आणि जानेवारी १९८० मध्ये त्यानेही तीच वकिलात गाठली. कागद एकही नेला नाही. डोक्यात होते तेच विकले. समुद्राखालून जाणाऱ्या सोव्हिएत तारांवर अमेरिकेने बसवलेल्या चोरट्या यंत्रणेचे गुपित असे फुटले. त्याबद्दल त्याला मिळाले सुमारे पस्तीस हजार डॉलर.

तिसरे नाव सीआयएच्या आल्ड्रिच एम्सचे. घटस्फोट आणि कर्जे यांनी घेरलेल्या एम्सने १९८५ मध्ये सोव्हिएत हेरखात्याला माहिती विकायला सुरुवात केली. पगार वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या आत. पण पाच लाख चाळीस हजार डॉलरचे घर त्याने रोख पैसे मोजून घेतले, आणि कामावर जग्वार गाडीतून येऊ लागला. तरी तो पकडला गेला १९९४ मध्ये. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी काढलेल्या आदेशाने गोपनीय माहिती हाताळणाऱ्यांच्या आर्थिक नोंदी तपासण्याचा अधिकार सरकारने अधिक पक्का केला. तेव्हापासून दोन्हीकडे नजर असते: खिसा रिकामा का, आणि तो अचानक भरला कसा.

अर्थात सगळे हेर पैशासाठीच फितूर होतात असे नाही. २००१ मध्ये पकडलेली अ‍ॅना मॉन्टेस हिने क्युबासाठी हेरगिरी केली ती मुख्यतः राजकीय मतांपायी. उलट बाजूने, कर्जात असलेली लाखो माणसे इमानेइतबारे नोकरी करतात. म्हणून नियम कर्जाला गुन्हा मानत नाही. तो कर्जाकडे खूण म्हणून पाहतो आणि विचारतो की हा माणूस दबावाखाली येईल का, आणि जो स्वतःचे व्यवहार सांभाळत नाही तो सरकारचे नियम सांभाळेल का.

ही चौकशी सुरू होते एका शंभरावर पानांच्या प्रश्नावलीने. तिचे नाव ‘एसएफ ८६’. तिच्यातला एक पूर्ण विभाग पैशाबद्दल आहे. गेल्या सात वर्षांत दिवाळखोरीचा अर्ज केला का? कर किंवा कराचे विवरणपत्र भरायचे राहिले का? एखादे देणे १२० दिवसांहून अधिक थकले का? घर किंवा गाडी जप्त झाली का? जुगारापायी कधी आर्थिक अडचण आली का? या शेवटच्या प्रश्नाला सात वर्षांची मर्यादा नाही. उत्तरे कागदावरच राहत नाहीत. तपास अधिकारी क्रेडिट रिपोर्ट मागवतात, न्यायालयांच्या नोंदी पाहतात, गरज पडल्यास शेजारी आणि जुने मालक यांनाही विचारतात.

मग निकाल देणारा अधिकारी तेरा निकषांवर अर्ज तपासतो. जून २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत सहावा निकष आर्थिक व्यवहारांचा आहे. अमुक डॉलरच्या वर कर्ज असेल तर नकार, अशी रेषा त्यात कुठेही आखलेली नाही. उलट कोणत्या गोष्टी माणसाच्या बाजूने धरायच्या, त्या स्पष्ट दिल्या आहेत. अडचण जुनी असेल आणि पुन्हा उद्भवण्याची शक्यता नसेल. नोकरी जाणे, धंदा बसणे, आजारपण, मृत्यू, घटस्फोट, सावकारी फसवणूक किंवा कोणीतरी आपल्या नावावर परस्पर कर्ज उचलणे, अशा हाताबाहेरच्या कारणाने ती आली असेल आणि त्या काळातही माणूस जबाबदारीने वागला असेल. त्याने आर्थिक समुपदेशन घेतले असेल. प्रामाणिकपणे फेड सुरू केली असेल. किंवा देणेच चुकीचे आहे असे तो पुराव्यानिशी दाखवू शकत असेल.

समजा, दोन सार्जंट आहेत. पहिल्याच्या डोक्यावर वीस हजार डॉलरची थकबाकी आहे. त्याची बदली झाली, त्यामुळे बायकोची नोकरी सुटली आणि वर्षभर घर क्रेडिट कार्डावर चालले. त्याने बँकांना पत्रे लिहिली, हप्ते बांधून घेतले, आणि दीड वर्षाच्या पावत्या जपून ठेवल्या. दुसऱ्याची थकबाकी आठच हजार. पण ती नव्या ट्रकची आणि कॅसिनोतल्या रात्रींची. आलेली पाकिटे त्याने फोडलीसुद्धा नाहीत. क्लिअरन्स मिळण्याची शक्यता पहिल्याची जास्त आहे, कर्ज अडीचपट असूनही.

दिवाळखोरीचेही असेच आहे. अमेरिकेत तो कायद्याने दिलेला मार्ग आहे. एका प्रकारात बहुतेक देणी माफ होतात, दुसऱ्यात तीन ते पाच वर्षे न्यायालयाच्या देखरेखीखाली फेड करावी लागते. ती वेळ का आली आणि त्यानंतर हिशेब कसा राहिला, याला महत्त्व असते.

इथे लोक काही ठरावीक चुका करतात. सात वर्षांनी थकबाकी क्रेडिट रिपोर्टातून गळून पडते, म्हणजे प्रश्न मिटला, असे त्यांना वाटते. नोंद गेली तरी देणे फेडले असे होत नाही, आणि त्याकडे पाठ फिरवल्याचा विचार होतोच. दुसरे असे की नकाराची शक्यता दिसली की सरकार लेखी ‘कारणे दाखवा’ पत्र पाठवते, आणि ते हाती पडल्यावर काहीजण घाईघाईने पैसे भरतात. त्याला कमी वजन मिळते. ‘परवाना मिळाला की फेडीन’ या आश्वासनाला तर जवळपास काहीच नाही. याउलट, सगळे कर्ज फिटलेच पाहिजे अशीही अट नाही. पटण्याजोगी योजना आणि ती अमलात आणल्याचा पुरावा, एवढे पुरते. कंत्राटदार कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे वाद ज्या न्यायाधीशांपुढे चालतात त्यांचे निकाल नावे गाळून प्रसिद्ध होतात. ही सुनावणी कर्जवसुलीसाठी नाही, हे त्यांत वारंवार म्हटलेले आढळते.

पण सर्वांत महागात पडते ती लपवाछपवी. दिवाळखोरी लिहिली तर ती आर्थिक निकषाखाली तपासली जाते. ती मुद्दाम दडवली तर वर्तणुकीचा वेगळा निकष लागतो. आणि कर्जाला परिस्थितीचे कारण देता येते, तसे खोट्याला देता येत नाही. शिवाय अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. जे गुपित सरकारला आधीच ठाऊक आहे, त्याची धमकी देऊन परका हेर माणसाला वाकवू शकत नाही.

पूर्वी एकदा परवाना मिळाला की ‘टॉप सिक्रेट’साठी पाच आणि ‘सिक्रेट’साठी दहा वर्षांनी फेरतपासणी होत असे. आता संगणकावर सतत लक्ष असते. २०२१ पर्यंत संरक्षण खात्याने आपली परवानाधारक माणसे या पद्धतीखाली आणली. आज चुकलेला हप्ता काही महिन्यांत अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊ शकतो.

या व्यवस्थेची एक दुखरी बाजूही आहे. परवाना गेला की सैनिकाची नेमणूक बदलते, बढती अडते, कधी सेवाच संपते. म्हणजे कर्ज फेडण्याचे साधन नेमके त्याच वेळी हातचे जाते. त्यात अठरा-वीस वर्षांची, पहिल्यांदाच पगार पाहणारी मुले ही छावण्यांबाहेर दुकाने थाटणाऱ्या सावकारांचे हमखास गिऱ्हाईक. पुढच्या पगाराच्या भरवशावर दिलेल्या त्या कर्जांचे वार्षिक व्याज शेकडो टक्क्यांवर जाई. २००६ साली संरक्षण खात्यानेच अहवालात म्हटले की ही कर्जे सैन्याच्या सज्जतेला मारक आहेत. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून सैनिकांच्या अशा कर्जांवर छत्तीस टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. आपल्याला छत्तीस टक्केही जबर वाटतील. पण आधीच्या मानाने तो दिलासाच होता.

कधी कधी तर अडचण सरकारच आणते. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे ३५ दिवस अमेरिकी सरकारचे कामकाज अर्थसंकल्पाच्या भांडणात अंशतः बंद पडले, तेव्हा तटरक्षक दलाच्या सुमारे बेचाळीस हजार जवानांचा जानेवारीतला पगार वेळेवर झाला नाही. हप्ते मात्र थांबले नव्हते. ‘हाताबाहेरचे कारण’ म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. आणि २०१५ मध्ये असे उघड झाले की सरकारी कर्मचारी खात्याच्या संगणकांतून अशा चौकशांसाठी जमवलेली तब्बल २ कोटी १५ लाख माणसांची माहिती परकीयांनी चोरली. ज्यांनी खरे लिहिले, त्यांची कबुली जपण्यात सरकारच कमी पडले.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. केंद्र सरकारी नोकरांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला सतरावा नियम सांगतो की नोकराने आपले खासगी व्यवहार असे ठेवावेत की तो नेहमीचा कर्जबाजारी किंवा दिवाळखोर होणार नाही. न्यायालयात प्रकरण गेले तर त्याने ते स्वतःहून कळवावे, आणि अडचण आधी ओळखता येण्याजोगी नव्हती हे त्यानेच सिद्ध करावे, असेही तो नियम म्हणतो. देश वेगळा, भाषा वेगळी, पण रोख तोच.

तेव्हा कुणी नातेवाईक तिकडे अशा नोकरीसाठी अर्ज करत असेल आणि मागच्या कर्जाने धास्तावला असेल, तर त्याला तीन गोष्टी सांगाव्यात. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट आधी मागवून वाच. जे देणे खरे आहे त्याची फेड, थोडी का होईना, आजपासून सुरू कर आणि पावत्या ठेव. आणि अर्जात विचारले असेल ते सगळे लिही. त्यानंतरही नकार येऊ शकतो. हमी कुणीच देणार नाही. पण ज्याने ही तीन कामे केली, त्याच्याजवळ अधिकाऱ्यापुढे ठेवायला निदान काहीतरी असते.