पाण्याची वाट दाखविणारा किडा

पनवेलच्या वडाळे तलावांतून, किंबहुना कोणत्याहि साचलेल्या गोड्या पाण्यांतून, पेलाभर पाणी घेऊन उजेडासमोर धरलें, तर त्यांत झटके देत पोहणारे कांहीं पांढुरके ठिपके पुष्कळदां दिसतात. यांना शास्त्रज्ञ सायक्लॉप्स म्हणतात. खेकडे-झिंग्यांच्या दूरच्या नात्यांतला हा जीव फार तर एक-दोन मिलिमीटर लांब, आणि स्वतः अगदीं निरुपद्रवी. तरीहि शतकानुशतकें त्यानें माणसांना अंथरुणास खिळविलें आहे. कारण नारूचा किडा माणसाच्या शरीरांत शिरतो तो याच्याच पोटांत बसून.

नारूची मादी शेवयीसारखी बारीक, पण दोन-तीन फूट लांब असते. एवढा लांब किडा कातडीखालून फिरत असतां माणसाला जवळजवळ वर्षभर त्याची दादहि नसते. मग एके दिवशीं, बहुधा पायावर, फोड उठतो आणि त्याची आग आग होऊं लागते. आग होऊं लागली म्हणजे माणूस काय करतो? पाय पाण्यांत बुडवितो. नारूला नेमकें तेंच हवें असतें! पाण्याचा स्पर्श होतांच फोडाच्या तोंडांतून मादी लक्षावधि पिलें सोडते. सायक्लॉप्स तीं गिळतात. सुमारें दोन आठवड्यांनीं तीं माणसाच्या शरीरांत जगण्यास समर्थ होतात. नंतर तें पाणी जो पिईल त्याच्या जठरांत सायक्लॉप्स मरतो, पण पिलूं आंतडें भेदून निसटतें. पुढल्या वर्षीं त्या माणसाच्या पायावर फोड!

पायविहिरीच्या पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यांत उभें राहून घागर भरण्याची आपली जुनी चाल या किड्याच्या पथ्यावर पडली, हें सांगावयास नकोच. याला कावा म्हणण्याचा मोह मलाहि होतो. पण किड्याला कावा कोठून सुचणार? ज्या माद्यांनीं आपल्या यजमानाला पाण्यापर्यंत नेलें त्यांचीच प्रजा उरली, एवढाच त्याचा अर्थ.

हें कोडें सुटण्यास मात्र बराच काळ लागला. आपल्या जुन्या वैद्यांनीं या रोगास 'स्नायुक' असें नांव दिलें होतें. काडीवर रोज थोडाथोडा गुंडाळीत किडा बाहेर काढण्याची रीतहि जुनीच, आणि आजहि त्याहून चांगला उपाय नाहीं. ओढतांना किडा तुटला तर पाय सुजून रोगी महिनोन् महिने लंगडा होतो. १८७० च्या सुमारास फेड्चेंको या रशियन संशोधकानें मध्य आशियांत नारूचीं पिलें सायक्लॉप्समध्यें शिरतांना पाहिलीं. पण तोच सायक्लॉप्स प्यायल्यानें माणसाला नारू होतो, याचा पुरावा माणसावरच मिळावयास हवा होता. तो १९१३-१४ च्या सुमारास मुंबईंत मिळविला डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनीं. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे हे चिरंजीव. आपण होऊन पुढें आलेल्या माणसांना त्यांनीं असे सायक्लॉप्स पाजले. त्या माणसांचीं नांवें कोणाच्या तोंडीं नाहींत, याची मला खंत वाटते.

वाट समजल्यावर ती अडविणें सोपें होतें. लस नाहीं, औषध नाहीं. पाणी दुहेरी कापडांतून गाळावें, पायविहिरींऐवजीं हातपंप बसवावे, आणि फोड आलेल्यास पाण्यांत पाय घालूं देऊं नये, एवढेंच. १९८३-८४ मध्यें भारतांत निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तेव्हां नारूग्रस्त राज्यांत महाराष्ट्रहि होता. देशांतील शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैंत राजस्थानांतील जोधपूर जिल्ह्यांत आढळला, आणि २००० सालीं भारत नारूमुक्त ठरला. १९८६ च्या सुमारास जगांत वर्षाला सुमारें पस्तीस लाख रुग्ण असत. २०२३ सालीं पुरते पंधराहि नव्हते.

पण आफ्रिकेंतील चाड देशांत २०१२ पासून कुत्र्यांच्या पायांतून हाच किडा बाहेर पडूं लागला, आणि पुढें दरवर्षीं शेंकडों कुत्रीं तेथें सांपडलीं. पायाची आग झाली कीं कुत्रेंहि पाण्यांतच शिरतें. आणि त्याला पाणी गाळून पिण्यास कोण शिकविणार?