घर बांधण्याआधी कागद बांधा: भिलाईतील जागा, नकाशा आणि परवानगी

भिलाईत प्लांटच्या क्वार्टरमध्ये तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या कुटुंबाला निवृत्ती जवळ आली की एकच प्रश्न पडतो: आता राहायचे कुठे? क्वार्टर सोडायचे असते. हातात भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची रक्कम येणार असते. एवढी मोठी रक्कम बहुतेकांना आयुष्यात एकदाच मिळते. ती चुकीच्या जागेत अडकली, तर पुन्हा साठवायला वेळ उरलेला नसतो.

अशी रक्कम अडकण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे कामांचा उलटा क्रम. आधी जागा घेतली जाते, मग मिस्त्री ठरतो, मग भिंती उभ्या राहतात आणि शेवटी कागदांची आठवण होते. योग्य क्रम असा आहे: जागेची तपासणी, नकाशा, परवानगी, कर्ज, बांधकाम आणि पूर्णता प्रमाणपत्र. एकेक पायरी पाहू.

जागा तपासताना काय पाहावे?

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकांना सातबारा, तलाठी आणि एनए हे शब्द ठाऊक असतात. छत्तीसगडमध्ये खसरा, बी-१, पटवारी आणि डायव्हर्शन हे शब्द कानावर येतात. खसऱ्यावरून जमिनीचा क्रमांक व क्षेत्र कळते, बी-१ वरून ती कोणाच्या नावावर आहे ते कळते. राज्य सरकारच्या 'भुइयां' या संकेतस्थळावर दोन्ही पाहता येतात. विकणाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, नोंद स्वतः उघडून पाहा.

डायव्हर्शन म्हणजे शेतजमिनीचा वापर राहण्यासाठी बदलणे. त्याची तरतूद भू-राजस्व संहिता, १९५९ मध्ये आहे. रजिस्ट्री झाली म्हणजे घर बांधता येते, असा अनेकांचा समज असतो. रजिस्ट्रीने तुम्ही जमीन विकत घेतली एवढेच सिद्ध होते. तिच्यावर घर बांधता येईल की नाही, हे डायव्हर्शन आणि दुर्ग-भिलाई विकास योजनेतील भू-उपयोग यांवर ठरते. योजनेत ती जागा निवासी आहे, शेतीसाठी आहे की रस्त्यासाठी राखलेली आहे, ते नगर तथा ग्राम निवेश कार्यालयातून लेखी घ्या.

शहराच्या कडेला शेतात चुन्याच्या रेघा मारून, मुरमाचा रस्ता टाकून प्लॉट विकले जातात. भाव कमी असतो, म्हणून मोह होतो. पण मंजुरी नसलेल्या अशा जागेवर बांधकामाची परवानगी मिळत नाही आणि बँकही कर्ज देत नाही. कॉलनीतला प्लॉट असेल तर आधी छत्तीसगड रेराची नोंदणी पाहा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील विक्रीच्या प्रकल्पाला नोंदणी लागते. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्याचा अधिकार विकासकाला नाही.

परवानगी कोणाकडे मागायची?

आपल्याकडे शेजारी-शेजारी अनेक संस्था आहेत: भिलाई, रिसाली, भिलाई-चरोदा आणि दुर्ग, असे चार नगर निगम. तुमचा प्लॉट ज्या हद्दीत, त्याच निगमाची परवानगी लागते. हद्दीबाहेरच्या गावात ग्रामपंचायत आणि नगर तथा ग्राम निवेश यांच्याकडे चौकशी करावी लागते. फक्त पंचायतीचे पत्र पुरेसे आहे, असे कोणी सांगितले तर तेच वाक्य बँकेत विचारून पाहा.

टाउनशिपमधल्या घरांची गोष्ट वेगळी आहे. लीजवर मिळालेल्या घराची जमीन तुमच्या मालकीची होत नाही. तिथे एखादी खोली वाढवण्याआधी लीजच्या अटी वाचा आणि नगर सेवा विभागाकडे लेखी विचारणा करा.

नकाशा आधी का काढायचा?

प्लॉटच्या सर्व बाजूंनी किती जागा मोकळी सोडायची आणि एकूण किती बांधकाम करायचे, हे नियमांनी ठरलेले असते. म्हणून १,५०० चौरस फुटांच्या प्लॉटवर तळमजला १,५०० चौरस फुटांचा होत नाही.

एक उदाहरण घेऊ. प्लॉट ३० फूट रुंद आणि ५० फूट लांब आहे. समजा, पुढे १० फूट, मागे ५ फूट आणि एका बाजूला ५ फूट सोडायचे आहेत. मग बांधायला २५ गुणिले ३५, म्हणजे ८७५ चौरस फूट उरतात. खर्च चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर तळमजल्याला १७,५०,००० रुपये लागतील. कुंपणाची भिंत, बोअरिंग, वीजजोडणी, शुल्क आणि वाढते भाव यांसाठी आणखी १० टक्के, म्हणजे १,७५,००० रुपये बाजूला ठेवा. एकूण १९,२५,००० रुपये झाले. यातील आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या प्लॉटचे नेमके अंतर नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंता सांगेल.

नकाशा काढतानाच इथल्या हवामानाचा आणि मातीचा विचार करा. मे महिन्यात पश्चिमेची भिंत तापते, म्हणून त्या बाजूला झोपण्याची खोली टाळा आणि खिडकीवर रुंद छज्जा द्या. जागेत काळी कन्हार माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना भेगा पडतात. पाया किती खोल घ्यायचा, ते मातीची तपासणी करून अभियंत्याकडून ठरवा. पुढे मुलासाठी वरचा मजला काढायचा असेल तर तसे आताच सांगा, कारण कॉलम आणि पाया नंतर वाढवता येत नाहीत. कागदावरची रेघ पुसायला पैसे लागत नाहीत, भिंत पाडायला लागतात.

बँक मंजूर नकाशा का मागते?

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, स्वतःच्या प्लॉटवर घर बांधण्यासाठी कर्ज हवे असेल तर मंजूर नकाशाची प्रत आधी द्यावी लागते. नकाशाप्रमाणेच बांधकाम करीन, असे प्रतिज्ञापत्रही लिहून द्यावे लागते. बांधकाम संपल्यावर तीन महिन्यांत पूर्णता प्रमाणपत्र आणण्याची जबाबदारी कर्जदाराची असते.

बँक घराच्या किमतीचे पूर्ण पैसे देत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात जास्तीत जास्त ९० टक्के आणि ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के अशी मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा या किमतीत धरला जात नाही, म्हणून तो वेगळा जमवा.

मंजूर रक्कमही एकदम हातात येत नाही. पाया, छत, प्लास्टर अशा टप्प्यांवर काम पाहून ती दिली जाते. काम नकाशाबाहेर गेले तर पुढचा हप्ता थांबू शकतो. समजा, तोपर्यंत ९ लाख रुपये उचलले आहेत आणि व्याजदर ९ टक्के आहे. महिन्याचे नुसते व्याज ६,७५० रुपये होते. भाड्याच्या घराचे ८,००० रुपये वेगळे. सहा महिने काम अडले, तर ८८,५०० रुपये गेले आणि घर एक फूटही वर गेले नाही.

काम सुरू झाल्यावर

परवानगीच्या आदेशावर मुदत लिहिलेली असते. ती संपण्याआधी काम पूर्ण करा किंवा मुदत वाढवून घ्या. मंजूर नकाशाची एक प्रत कामाच्या जागी ठेवा. मिस्त्री "एवढा छज्जा कोण बघतो?" असे म्हणाला तरी नकाशाबाहेर जाऊ नका. बदल हवाच असेल तर आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्या.

छत्तीसगडमध्ये २००२ पासून अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा कायदा आहे. पण त्यात दंड भरावा लागतो आणि प्रत्येक बांधकाम नियमित होतेच असे नाही. त्या भरवशावर घर बांधू नका.

परवानगी देताना पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्यासाठी अनामत रक्कम घेतली असेल तर पावती जपून ठेवा. व्यवस्था केल्याचा पुरावा देऊन ती परत मागता येते. घर झाल्याच्या आनंदात अनेकजण ही रक्कम विसरतात.

बयाणा देण्याआधी स्वतःला विचारा

• बी-१ वर विकणाऱ्याचेच नाव आहे का?
• डायव्हर्शनचा आदेश मी डोळ्यांनी पाहिला आहे का?
• विकास योजनेत ही जागा निवासी आहे, हे लेखी मिळाले आहे का?
• कॉलनी असेल तर रेराचा क्रमांक तपासला आहे का?
• बँकेने हे कागद पाहून होकार दिला आहे का?
• घर संपेपर्यंतचे भाडे आणि व्याज हिशेबात धरले आहे का?

यातील एकाही प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर बयाणा देऊ नका. "आज पैसे दिले नाहीत तर प्लॉट जाईल," असे विकणारा म्हणेल. गेला तर जाऊ द्या. प्लॉट दुसरा मिळतो, निवृत्तीची रक्कम दुसऱ्यांदा मिळत नाही.