मिसळलेलं वेगळं करण्याची किंमत

सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या कारखान्यात जाऊन नवी होते, असा आपल्याकडे सुशिक्षित घरांतही समज आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरच्या घरी ओला, सुका आणि घातक अशी विभागणी करायला सांगितली, ती योग्यच होती. पण सुक्याच्या डब्यातलं पुढे काय होईल, याची हमी ती विभागणी देत नाही. प्लॅस्टिकच्या बुडाशी असलेली त्रिकोणी खूणही देत नाही. 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ती आणली. तिच्यातला 1 ते 7 पैकी आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, इतकंच. वस्तूला पुढचा जन्म मिळणार की नाही, हे ठरतं ते एका प्रश्नावर: तिच्यातले पदार्थ परवडेल अशा खर्चात एकमेकांपासून सुटे करता येतात का?

या प्रश्नामागे उष्मागतिकीचा दुसरा नियम उभा आहे. दोन पदार्थ मिसळायला फारसे कष्ट लागत नाहीत. मिसळलेले वेगळे करायला मात्र ऊर्जा, पाणी, यंत्र किंवा माणसाचे हात खर्ची पडतात. पाण्याची बाटली हे याचं उत्तम उदाहरण आहे. बाटली पीईटी या प्लॅस्टिकची, तर झाकण पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं. दोन्हींचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडला की झाकणाचे तुकडे तरंगतात आणि पीईटी तळाशी जातं, कारण पीईटीची घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट आहे. एवढ्या स्वस्तात होणाऱ्या या निवडीमुळेच बाटलीला भंगारात भाव मिळतो. त्याच चुऱ्यात पीव्हीसीच्या वेष्टनाचे तुकडे शिरले, तर गाडं अडतं. पीव्हीसीची घनता जवळपास पीईटीइतकीच असल्याने तेही बुडतं. पुढे पीईटी वितळवण्यासाठी तापमान 260 अंश सेल्सिअसच्या आसपास नेलं की पीव्हीसी त्याआधीच फुटू लागतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं. ते आम्ल पीईटीच्या लांब साखळ्या तोडतं, मालात काळे कण येतात. थोडीशी भेसळ मोठ्या ढिगाची किंमत पाडते, ती अशी. 'कुजणारं' म्हणून विकलं जाणारं पीएलए प्लॅस्टिकही पाण्यात बुडतं आणि पीईटीचा माल बिघडवतं. शिवाय ते नीट कुजायला साठ अंशांच्या जवळपास तापणारा खताचा प्रकल्प लागतो. घरच्या कुंडीत ते तसंच पडून राहतं.

वेफर्सच्या पाकिटाकडे या दृष्टीने पाहिलं की त्याला भंगारवाला हात का लावत नाही, हे उमगतं. हवा, ओल आणि प्रकाश अडवण्यासाठी त्यात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे पापुद्रे आणि धातूचा अतिसूक्ष्म थर घट्ट चिकटवलेले असतात. वस्तू ताजी ठेवणारी ही जोडणीच तिचा परतीचा रस्ता बंद करते. अशी पाकिटं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळतात. उघड्यावर जाळण्यापेक्षा ते कितीतरी बरं, पण त्यातून पदार्थ परत मिळत नाही. त्याला पुनर्चक्रीकरण म्हणू नये. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तोही साध्या रद्दीत चालत नाही. उलट दुधाची पिशवी पॉलिथिलीनच्याच कुळातली असते. धुऊन, वाळवून, कोपरा पूर्ण न कापता ठेवली तर तिला गिऱ्हाईक आहे. कापून पडलेला कोपरा मात्र इतका लहान असतो, की तो वेचणं कोणालाच परवडत नाही. आणि म्हणूनच रिकाम्या बाटलीत पाकिटं ठासून 'पर्यावरणपूरक वीट' करण्याची शाळाशाळांतून शिकवली जाणारी हौस मला घातक वाटते. पाकिटं इकडेतिकडे उडत नाहीत, हा तिचा फायदा मान्य आहे. पण घरातल्या सर्वात विकाऊ प्लॅस्टिकला आपण सर्वात निरुपयोगी प्लॅस्टिकशी कायमचं जखडतो, हे मुलांना कोणी सांगत नाही.

कागदाचा शत्रू तेल. रद्दी पाण्यात घुसळून तिचे तंतू सुटे केले जातात. शाई बरीचशी काढता येते, तेल मात्र तंतूंना धरून बसतं. तेलकट पुठ्ठा म्हणूनच ओल्या कचऱ्यात बरा. काचेच्या बाटलीचं नशीब त्याहून चांगलं, ती कितीही वेळा वितळते. पण तिच्यासोबत चिनीमातीच्या कपाचा तुकडा गेला, तर भट्टीच्या तापमानालाही तो विरघळत नाही. नव्या बाटलीत खडा म्हणून राहतो आणि बाटली तिथेच तडकते. सेल, ट्यूबलाइट आणि उरलेली औषधं यांचा मार्ग वेगळाच आहे, त्यांना सुक्यात जागा नाही.

आम्ही वेगळं करून उपयोग काय, गाडीत सगळं एकत्रच होतं, ही तक्रार अनेक गावांत खरी आहे. पण पुण्यात 1993 पासून संघटित झालेल्या कचरावेचकांनी पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी केली. तिच्या सभासद दारोदार कचरा गोळा करतात आणि सुक्यातला विकाऊ माल विकून त्यांच्या मिळकतीत भर पडते. आमटीत भिजलेला कागद देणं म्हणजे त्या बाईचे त्या दिवसाचे पैसे कापणं. वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढा, हे त्यांचं मागणंही निवडीच्याच कामातून आलेलं आहे. जिथे अशी व्यवस्था नाही, तिथेही रद्दी, पुठ्ठा, बाटल्या आणि धातू कोरडे ठेवून भंगारवाल्याला देता येतात. ते गाडीत टाकण्याची सक्ती नाही. दुष्काळी भागात डबे धुवायला पाणी कुठून आणायचं, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यासाठी भांडी विसळलेलं पाणी पुरतं. वस्तू लख्ख असण्याची गरज नाही. अन्न चिकटलेलं नसावं आणि ती कोरडी असावी, एवढं पुरे.

राहतो प्रश्न जबाबदारीचा. चिकटवलेले थर गृहिणीने चिकटवलेले नाहीत, मग तिच्याकडूनच हिशोब का मागायचा? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. 2022 मध्ये केंद्राने वेष्टनं बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर ती परत गोळा करण्याचं बंधन स्पष्ट केलं, पण केवळ गोळा करून भट्टीत जाळण्याने ते फेडलं जाऊ नये. शक्य तिथे एकाच प्लॅस्टिकचं वेष्टन, त्याच जातीचं लेबल आणि पाण्यात सुटणारा डिंक यांची सक्ती कारखान्यावर हवी. वेष्टनाचा आराखडा कागदावर असतानाच हे बदल सर्वात स्वस्तात होतात.