चटका न जाणवणारा हात

कुष्ठरोगाचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. आसपासच्या त्वचेपेक्षा जरा फिकट किंवा लालसर दिसतो, इतकंच. त्यावर बॉलपेनचं टोक टेकवलं तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही, आणि तोवर आतली नस मरत असते.

आपण याला त्वचेचा रोग समजतो. खरं तर तो नसांचा रोग आहे. १८७३ साली नॉर्वेतल्या आर्मर हॅन्सन यांनी शोधलेला हा जंतू फार सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण आणि पहिलं लक्षण यांत सरासरी पाच वर्षं जातात, कधीकधी वीससुद्धा. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, म्हणून मेंदू आणि मज्जारज्जू सोडून तो त्वचेलगतच्या नसा गाठतो आणि तंतूंना वेष्टण घालणाऱ्या श्वॉन पेशींत मुक्काम करतो. कोपराची नस गेली की करंगळी आणि अनामिका आत वळतात. गुडघ्याजवळची गेली की चालताना पाऊल लोंबतं. चेहऱ्याची गेली की पापणी मिटत नाही आणि उघडा डोळा हळूहळू निकामी होतो.

मग बोटं ‘झडतात’ कशी? वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाअखेरीपासून याचा पिच्छा पुरवला. जंतू बोटं खात नाही. बधिर हात तापलेला तवा उचलतो, विडी बोटांपर्यंत जळते, चपलेतला खिळा दिवसभर टोचत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, बोट आखूड होत जातं. वेदना जागेवर असती तर यातलं काहीच घडलं नसतं. ब्रँड यांनी शाबूत स्नायूंच्या कंडरा फिरवून वाकडी बोटं सरळ करण्याची शस्त्रक्रियाही रुळवली.

महाराष्ट्राने कुष्ठरुग्णांसाठी मोठं काम केलं. दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, आनंदवनात बाबा आमटे आणि साधनाताई. समाजाने हाकललेल्यांच्या हाताला त्यांनी काम दिलं. आज एमडीटी, म्हणजे तीन औषधांचा एकत्रित उपचार, सहा किंवा बारा महिने मोफत मिळतो, जंतू मरतो. २००५च्या अखेरीस राष्ट्रीय प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं देशाने जाहीर केलं. माझ्या मते आपलं लक्ष तिथेच उडालं. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतातच सापडतात.

शिवाय जंतू मेला तरी नसेवरचं संकट टळत नाही. उपचार चालू असताना किंवा संपल्यानंतरही शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडते. याला ‘रिॲक्शन’ म्हणतात. नस सुजते, अरुंद जागेत आवळली जाते आणि काही दिवसांत निकामी होऊ शकते. नस बिघडल्यापासून पहिल्या सहा महिन्यांत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं औषध सुरू झालं तर गेलेली ताकद आणि संवेदना पुष्कळदा परततात. त्यानंतर आशा मावळत जाते. म्हणून गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपलं की रुग्णाचं नाव यादीतून काढून मोकळं होणं मला घातक वाटतं. पुढची काही वर्षं त्याच्या कोपराची नस चाचपायला हवी, तळव्याला पेन टेकवून विचारायला हवं.

ज्यांच्या नसा आधीच गेल्या, त्यांनी रोज हातपाय अर्धा तास पाण्यात भिजवून, कडक कातडी घासून वर तेल लावावं आणि झोपण्याआधी तळवे डोळ्यांनी तपासावेत. मऊ तळाची एमसीआर चप्पल मागून घ्यावी आणि ती घरातही वापरावी.