मे महिन्यातील बेगमी

मे महिना उजाडला की आपल्या घरोघरी दोन प्रकारची लगबग सुरू होते. एक मुलाबाळांसह गावी जाण्याची आणि दुसरी पावसाळ्यापूर्वी घर भरून ठेवण्याची. अंगणात मिरच्या व सोले वाळतात, कांद्याच्या माळा टांगल्या जातात, सुकी मासळी डब्यांत जाते. गोव्यात या साठवणीस ‘पुरुमेंत’ म्हणतात. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या मंदिराचा सण पेंटेकॉस्टला येतो आणि त्या सुमारास भरणारी फेरी ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणूनच ओळखली जाते. सण पवित्र आत्म्याचा, खरेदी मिरची-मिठाची! आपल्या पूर्वजांना यात काही विसंगत वाटले नाही, आणि मलाही वाटत नाही.

परंतु एक बेगमी आपण विसरत चाललो आहोत. शाळांबरोबर धर्मशिक्षणाचे वर्ग बंद होतात, गायनवृंदातील मंडळी पांगतात आणि बेळगाव असो की बडोदे, रविवारच्या मिस्सेला बाके रिकामी दिसू लागतात. वाचकहो, ही ढिलाई नेमकी कोणत्या काळात येते याचा विचार आपण केला आहे काय? पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. तो दिवस धरून पन्नासावा दिवस पेंटेकॉस्टचा, म्हणजे १० मे ते १३ जून यांमधला. युरोपात उन्हाळी सुटी बहुधा हा सण उलटून गेल्यावर लागते, आपल्याकडे मात्र ती या पन्नास दिवसांतच पडते. चाळीस दिवस निष्ठेने उपवास पाळायचा आणि आनंदाचे पन्नास दिवस सामानाच्या बांधाबांधीत घालवायचे, असा आपला हिशेब होऊन बसला आहे.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही बेळगावहून नेहमीप्रमाणे गोव्यास थोरल्या बंधूंच्या घरी गेलो. आई तेथेच असे. आमच्या लहानपणी दिवेलागणीची जपमाळ कधी चुकली नाही. पाहुणे आले तर त्यांनाही गुडघे टेकावे लागत. त्या वर्षी मात्र घर गजबजलेले, मुले मोबाईलमध्ये गुंतलेली आणि आम्ही वडीलधारे ओसरीवर पत्ते मांडून बसलेलो. चौथ्या-पाचव्या संध्याकाळी मी पाणी पिण्यास आत गेलो, तो आईच्या खोलीचे दार लोटलेले. आत ती एकटीच, बाहेर ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात, जपमाळेचे मणी ओढीत होती.

“आई, आम्हांला हाक का मारली नाहीस?” मी विचारले.

“अरे, तुम्ही सुटीला आला आहात. पोरांचा हिरमोड कशाला करायचा?”

मी ओसरीवर परत आलो आणि डाव पुरा केला. पुढचा मे महिना आईने पाहिला नाही.

तेव्हापासून आमच्या घरी सुटीतही दिवेलागणीची अर्धी घटका राखलेली असते. जपमाळेनंतर आम्ही ‘ख्रिस्तपुराण’ वाचतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी रचलेले हे पुराण १६१६ साली राचोल येथे रोमी अक्षरांत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वरू, दुसऱ्याचे ५९. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणश्रवणाची गोडी होती, ती ओळखून त्यांनी प्रभूची कथा ओवीत सांगितली. एका अवस्वरूत सरासरी शंभराहून अधिक ओव्या असल्याने एका बैठकीस वीस-पंचवीस पुरेत. जुनी मराठी अडते, हे खरे. परंतु १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली आणि २००९ साली फादर नेल्सन फाल्काव यांनी मूळ ओव्यांसोबत सोपे मराठी गद्य दिले, त्यामुळे आता सबब उरलेली नाही. आम्ही काना येथील लग्नापासून आरंभ केला. लग्नघरात द्राक्षारस संपल्याची फजिती मुलांना ताबडतोब समजली.

सगळ्या संध्याकाळी साधतात असे नाही. एखादे दिवशी वीज जाते, एखादे दिवशी फणस फोडण्यातच रात्र होते. वाटेवरच्या खुरसापाशी लदिनी असली की आम्ही सारे तिकडे जातो. व्हायोलिनच्या साथीने लितानी गायिली जाते आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. धाकट्याची भक्ती बरीचशी त्या चण्यांवर असते, तरीही तो मुखपाठ म्हणतो. स्वर्गारोहणानंतरचे नऊ दिवस मात्र आम्ही चुकवीत नाही. प्रेषितांजवळ त्या दिवसांत करण्यासारखे काहीच नव्हते. माडीवरच्या खोलीत पवित्र मातेसह प्रार्थना करीत वाट पाहणे, एवढेच.

३१ मे रोजी मरिया-एलिझाबेथ भेटीचा सण येतो. मरिया डोंगराळ प्रदेशातील त्या घरी सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक सांगतो. म्हणजे पाहुणी खरीच. परंतु तिने उंबरठ्यावर पाऊल ठेवताच त्या घरात परमेश्वराची स्तुती सुरू झाली. आमचा परतीचा प्रवास बहुधा त्याच सुमारास असतो. गेल्या खेपेस वहिनींनी सोलांचा डबा बांधून देताना विचारले, “पुस्तक येथेच ठेवून जाता का? निम्मे राहिले आहे.” धाकटा कुरकुरला, कारण वादळ शांत करण्याचा प्रसंग अजून वाचायचा होता. अखेर पुस्तक तेथेच ठेवले. बेळगावात दुसरी प्रत मागविली आहे.