बर्फावरची थंडी अंथरुणातून चढते

डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या सांक्री गावात पुण्या-मुंबईकडचे ट्रेकर हमखास भेटतात. सुमारे १२,५०० फुटांवरचं केदारकंठा गाठायचं, तर वाटेत बर्फावर तंबू ठोकून रात्र काढावी लागते. गडावरच्या गुहेत चटई टाकून झोपायची सवय असलेला माणूस इथेही पांघरूण तेवढं जाड घेतो, अंथरुणाचा विचारच करत नाही आणि रात्रभर कुडकुडतो. मग ‘आपल्याला थंडी सोसत नाही’ असं म्हणत परततो. माझ्या मते इथे सोसण्याचा प्रश्नच नसतो, तयारी चुकलेली असते.

स्लीपिंग बॅग ऊब देते, हा सगळ्यात पक्का गैरसमज. बॅग उष्णता तयार करत नाही. आपल्याच अंगाची उष्णता ती पिसांत किंवा तंतूंत अडकलेल्या हवेच्या आधाराने धरून ठेवते. आडवं झालं की पाठीखालचा थर दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि खालचा बर्फ उष्णता ओढू लागतो. अंगावर आणखी एक जाकीट चढवून यावर इलाज होत नाही. खाली फोमची कॅरीमॅट आणि तिच्यावर इन्सुलेशन असलेली हवेची मॅट, असे दोन थर हवेत. मॅट उष्णता किती अडवते हे ‘आर-व्हॅल्यू’वरून कळतं, दोन्ही मॅटची मिळून ती ५ च्या आसपास असावी. कमी पडलं तर रिकामी सॅक आणि रेनकोटही पाठीखाली घाला. आणि बॅगेत थंड अंगाने शिरू नका. आधी चार घास खा, थोड्या उठाबशा काढा.

बॅगवरचा आकडाही फसवतो. ‘उणे १०’ लिहिलंय म्हणजे उणे १० ला सुखाची झोप, असं नाही. आयएसओ २३५३७ या मानकात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम अशी वेगवेगळी तापमानं असतात. एक्स्ट्रीम म्हणजे जेमतेम जीव वाचेल इतकंच, आणि त्यातही हिमदंशाचा धोका राहतोच. बॅग भाड्याने घेताना आकडा कम्फर्टचा आहे का, हे विचाराच.

तंबूची जागा बूट आपटून नीट तुडवा आणि अर्धा तास तशीच सोडा, म्हणजे बर्फाचे कण एकमेकांना धरून घट्ट होतात. घाई केली तर रात्री कमरेखाली खळगा पडतो, तो तसाच गोठतो आणि कुशीवर वळणंही मुश्कील होतं.

दोन-दोन मोजे चढवून पाय गरम राहत नाहीत. बूट आवळतो, रक्त पोचत नाही. लोकरीचा एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. रमने ऊब आल्यासारखी वाटते, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतलं शरीर मात्र त्यामुळे लवकर थंड होतं.

तहान लागली म्हणून बर्फ चघळणंही महागात पडतं. एक किलो बर्फ नुसता वितळायला सुमारे ८० किलोकॅलरी लागतात आणि त्या आपल्या अंगातूनच जातात. तो स्टोव्हवरच वितळवा. भांड्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर बूड करपतं. झोपताना गरम पाण्याची बाटली, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून पायाशी ठेवा. पाय शेकतात आणि सकाळी न गोठलेलं पाणी मिळतं.

‘गार हवा येते, तंबू घट्ट लावा’ हे तर जवळपास प्रत्येक तंबूत ऐकू येतं. पण श्वासातली वाफ कोंडली की ती कापडावर आतून गोठते, पहाटे बॅगवर झडते आणि पिसं भिजवते. वरची झडप थोडी उघडी हवीच. बंद तंबूत कोळशाची शेगडी किंवा पेटता स्टोव्ह असेल, तर गोष्ट जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. निखारे विझत आले तरी हा वायू निघतच असतो. कुणी प्रेमाने शेगडी आत आणून ठेवली, तरी ती लगेच बाहेर काढायला सांगा.