कृमिदंत : ज्ञान आणि आचरण

दातांविषयीचे ज्ञान ज्यांना नित्य दिले जाते, त्या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे स्वतःचे आचरण कसे असते? जपानमधील हिरोशिमा विद्यापीठात तयार झालेल्या 20 विधानांच्या प्रश्नावलीद्वारे अनेक देशांत हे तपासले गेले. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या सवयी प्रथम वर्षापेक्षा बहुधा चांगल्या आढळल्या. परंतु किडून पोकळी पडलेला दात नंतरच्या सवयीने भरून येत नाही.

दातांवरील थरातील जंतू साखरेपासून आम्ल निर्माण करतात. सामू सुमारे 5.5 च्या खाली उतरला की दातांचे कठीण आवरण विरघळू लागते. निद्रेत लाळ कमी स्रवते, म्हणून रात्रीची शर्करा अधिक घातक ठरते. चरकसंहितेत दंतधावन दोन वेळा सांगितले आहे. आपल्यापैकी अनेक जण मात्र सकाळचेच पाळतात.

रात्री अवलेह वा मधुयुक्त चाटण देताना नंतर दात घासण्यास आपण रुग्णास सांगतो काय? औषधविक्रेत्यांनीही दंतमंजनात फ्लोराइड आहे की नाही, हे वेष्टनावर पाहून ग्राहकास सांगावे. 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने कृमिदंतास आळा बसतो, हे सिद्ध झाले आहे. रुग्णास उपदेश करण्यापूर्वी वैद्यांनी हा नियम स्वतःच्या घरी आज रात्रीपासूनच पाळावा.